भूपेन खक्कर यांचा साधा पुरुष आणि आपण

(द्वितीय वर्ष, कला)

भित्तिपत्रक स्पर्धेला ‘माझा देश’ हा विषय दिला, की चित्रे काय येणार हे परीक्षकांना आधीच ठाऊक असते. एक जवान बंदूक घेऊन उभा असतो. एक शेतकरी खांद्यावर नांगर घेऊन उगवत्या सूर्याकडे पाहत असतो. एखाद्याने पैलवान काढलेला असतो. तिघांच्याही छात्या सारख्याच रुंद असतात आणि तिघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर शंका, थकवा किंवा भीती नसते. मागे भारतमाता असते. ती रक्षण करून घेणारी आणि हे तिघे रक्षण करणारे. अशी वाटणी कुणी शिकवलेली नसते, तरी ती सर्वांच्या हाताला सवयीची झालेली असते.

या चित्रांत माझे वडील कुठे आहेत, असा प्रश्न मला नेहमी पडतो. अण्णा मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांची छाती रुंद नाही. पाठ वाकलेली आहे, पोट थोडे सुटलेले आहे आणि संध्याकाळी घरी आल्यावर ते बराच वेळ काही न बोलता उंबऱ्यावर बसून राहतात. तेही भारतीय आहेत आणि पुरुषही आहेत. पण देशाचे चित्र काढताना त्यांच्यासारख्या माणसाला बसायला कुणी मॉडेल म्हणून बोलावत नाही.

हा प्रश्न ज्या चित्रकाराने आयुष्यभर धरून ठेवला, त्याच्याविषयी मला लिहायचे आहे. त्यांचे नाव भूपेन खक्कर. ते 2003 साली वारले. आमच्या पिढीतल्या फारच थोड्यांना हे नाव माहीत आहे. मी त्यांची मूळ चित्रे पाहिलेली नाहीत. ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकातली छापील चित्रे आणि मोबाईलच्या पडद्यावरची चित्रे एवढीच माझी शिदोरी. तरीही मला असे ठामपणे वाटते, की ‘भारतीय म्हणजे कोण’ आणि ‘पुरुष म्हणजे कोण’ हे दोन प्रश्न वेगळे नसून एकच आहेत, हे या माणसाने जितके स्वच्छ दाखवले तितके फार थोड्यांनी दाखवले असेल.

खक्कर मुंबईत 1934 साली जन्मले आणि गिरगावाजवळच्या खेतवाडीत वाढले. घरी गुजरातीबरोबर मराठीही कानावर पडे. चार वर्षांचे असताना वडील गेले. चार भावंडांत ते धाकटे, आणि घरातून विद्यापीठाची पायरी चढणारे पहिले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ थांबलो होतो. घरातून पहिल्यांदा कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून घर काय मागते ते मला ठाऊक आहे. घर नोकरी मागते, आणि त्यात गैर काही नाही. खक्करांच्या घराने तेच मागितले. ते बी. कॉम. झाले, मग चार्टर्ड अकौंटंट झाले. चित्रे काढायची आस मात्र सुटेना. कवी-चित्रकार गुलाम मोहम्मद शेख यांच्याशी ओळख झाली आणि त्यांच्या आग्रहाने 1962 साली ते बडोद्याला गेले. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला विभागात ते कलासमीक्षा शिकले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. बडोद्यातही पुढे अनेक वर्षे ते हिशेबनीस म्हणून काम करीत राहिले. सकाळी खतावणी आणि नंतर रंग, असा त्यांचा क्रम असे. कला ही रिकामटेकड्यांची गोष्ट आहे असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

बडोदे आपल्याला परके नाही. गायकवाडांचे ते संस्थान, सयाजीरावांच्या नावाचे ते विद्यापीठ, आणि चित्रकला विभागाची सुरुवातीची घडी बसवणाऱ्यांत आपले ना. श्री. बेंद्रे. राजा रविवर्म्यानेही बडोद्याच्या दरबारासाठी चित्रे काढली होती. त्याच रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या देवादिकांच्या चित्रांनी घरोघरच्या भिंती भरून गेल्या. आपली लक्ष्मी कशी दिसते, सरस्वती कशी बसते, हे आपण पुराणात वाचण्याआधी त्या छापील चित्रांत पाहिले. देशाचा चेहरा असा छापखान्यातून घडतो, हे खक्करांनी नीट ओळखले होते.

त्यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा चित्रकारांमध्ये ‘भारतीयत्व’ हा मोठा वादाचा विषय होता. 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह ग्रुप निघाला. त्यात हुसेन, रझा, सूझा, आरा यांच्याबरोबर आपले गाडे आणि बाकरेही होते. त्यांतले काही पुढे पॅरिसला आणि लंडनला गेले. नंतर काही चित्रकार तंत्रमार्गाकडे वळले. बिंदू, त्रिकोण, यंत्रे यांत त्यांना भारताचा आत्मा दिसला. कुणी आधुनिक होण्यासाठी पश्चिमेकडे पाहिले, कुणी भारतीय होण्यासाठी प्राचीन काळाकडे. नाक्यावरच्या दुकानाकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही.

खक्करांनी तिकडे पाहिले. 1965 सालच्या पहिल्या प्रदर्शनात त्यांनी बाजारात मिळणारी देवांची छापील चित्रे कापून, चिकटवून, त्यांवर रंग फासून कामे मांडली होती. सुशिक्षित माणूस ज्या कॅलेंडरला बटबटीत म्हणून नाक मुरडतो, त्या कॅलेंडरातच या देशातील बहुसंख्य लोकांची दृष्टी घडलेली आहे, हा त्यामागचा विचार मला दिसतो. 1970 नंतर ते दुकानदारांची आणि कारागिरांची चित्रे काढू लागले. ‘जनता वॉच रिपेअरिंग’, ‘डिलक्स टेलर्स’, न्हाव्याचे दुकान, कचेरीतला असिस्टंट अकौंटंट. ही नावे ऐकूनच चित्रे कशी असतील याचा अंदाज यावा. दुकानाच्या चौकटीत माणूस एकटा बसलेला आहे. मागे घड्याळे टांगलेली आहेत किंवा कापडाचे तुकडे पडलेले आहेत. रंग गोड आहेत, गुलाबी, पोपटी, आकाशी. माणूस मात्र गोड नाही. तो अवघडलेला, गप्प आणि कुठे पाहावे हे न कळणारा आहे.

याविषयी मी थोडे अधिकाराने लिहू शकतो. आठवीपासून दर सुट्टीत मी आमच्या गावातल्या एका पेंटरच्या हाताखाली काम केले आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर आणि कमळे, नंबरप्लेटी आणि निवडणुकीच्या भिंती ही आमची कामे. बेंदराला बैलांची शिंगेही रंगवली. आता फ्लेक्स आल्यापासून त्या धंद्यात काही राहिले नाही. पण पाटी रंगवताना एक गोष्ट मी पाहिली आहे. शिंप्याला त्याच्या पाटीवर सूट घातलेला, गोरापान, गालावर खळी असलेला तरुण हवा असतो. आणि त्या पाटीखाली, चष्म्याला दोरा बांधून, मशीनवर वाकलेला तो स्वतः असतो. पाटीवरचा पुरुष आणि पाटीखालचा पुरुष यांच्यात जे अंतर आहे, ते खक्करांच्या चित्रांचे खरे क्षेत्र आहे. त्यांनी पाटी रंगवणाऱ्याचीच पद्धत घेतली, सपाट रंग, ठळक कडा, जरा चुकलेला दृष्टिकोन, आणि त्या पद्धतीने पाटीखालच्या माणसाला रंगवले. आजवर पाटीवर ज्याला जागा नव्हती त्याला त्यांनी पाटीवर नेऊन बसवले, असे म्हणता येईल.

पाटीवरच्या पुरुषाची त्यांनी थट्टाही केली. 1972 सालच्या एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्यांनी स्वतःचे फोटो छापले. कुठे जेम्स बाँडचा आव, कुठे मिस्टर युनिव्हर्सचा. अंगाने सामान्य, केस मागे हटलेले, असा एक हिशेबनीस त्या पोझमध्ये उभा राहिला, की हसू येते. पण हसून झाल्यावर ध्यानात येते, की पोझ ही पोझच असते, अंग कुणाचेही असो. सिनेमाच्या पडद्यावरचा नायकही ती उसनीच आणतो.

मर्दानगीचा हा आव आपल्याकडे कुठून आला? इंग्रजांनी आपल्यावर राज्य करताना येथील माणसांची वर्गवारी केली होती. काही जमाती ‘लढाऊ’ ठरवल्या आणि बाकीच्यांना दुबळे म्हटले. मेकॉलेने 1841 साली वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधात बंगाली माणसाला बायकी ठरवून टाकले. जो बायकी आहे त्याने राज्य कसे करावे, असा त्यामागचा हिशेब. त्याला उत्तर म्हणून आपल्याकडे आखाडे, तालमी आणि व्यायामशाळा निघाल्या. त्या काळाची ती गरज होती हे मी मान्य करतो. आमच्या गावच्या तालमीविषयी मला आदरच आहे. तिथल्या तांबड्या मातीत मीही लोळलो आहे. पण त्या उत्तरात एक गफलत झाली. साहेबाने परीक्षेचा जो पेपर काढला, तोच आपण प्रमाण मानला आणि त्यात पहिल्या नंबराने पास व्हायला निघालो. पुरुष म्हणजे बळ आणि देश म्हणजे बळवान पुरुष, हे समीकरण त्याचे होते. आपण फक्त त्यात आपले नाव घातले. सूत काढण्यासारखे बायकांचे मानले गेलेले काम ज्याने भर सभेत केले आणि त्यालाच लढाईचे हत्यार बनवले, असा गांधींसारखा माणूस विरळा. खक्करांना गांधींविषयी ओढ होती ती त्यांच्या सत्याच्या आग्रहामुळे. ती पुढे त्यांच्या आयुष्यात फार कामाला आली.

कारण खक्करांपाशी एक गोष्ट लपलेली होती. त्यांचे प्रेम पुरुषांवर होते. वयाची पंचेचाळीशी उलटेपर्यंत त्यांनी ते उघड केले नाही. आई, नातेवाईक, नोकरी, समाज या सर्वांचे भय होते. 1970 नंतरच्या दशकात ते इंग्लंडला जाऊन आले. तिथे अशी माणसे उघडपणे एकत्र राहताना त्यांनी पाहिली. 1980 साली आई गेली. त्यानंतरच्या चित्रांत त्यांनी पडदा बाजूला केला.

1981 सालचे ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे चित्र पाहा. चौरस आकाराचे, माणसाच्या उंचीएवढे ते चित्र आहे. सज्जात एक माणूस पाठमोरा उभा आहे, अंगावर वस्त्र नाही. तो खाली गावाकडे पाहतो आहे. गावात काय चालले आहे? बापलेक आणि गाढव! आपल्या सर्वांच्या आज्यांनी सांगितलेली गोष्ट. बाप बसला तर लोक म्हणतात लेकराला चालवतो, लेक बसला तर म्हणतात म्हाताऱ्या बापाला चालवतो, दोघे बसले तर मुक्या जनावराचे हाल, कुणीच न बसले तर मूर्ख. शेवटी गाढवच खांद्यावर घ्यायची पाळी येते आणि गाढव हातचे जाते. ही गोष्ट जगात अनेक भाषांत आहे. आपल्याकडे ती मुलांना शहाणपण शिकवायला सांगतात. खक्करांनी तिला असे वळण दिले, की अंगावर काटा यावा. जन्मभर सगळ्यांना खूश ठेवण्यासाठी स्वतःचे गाढव खांद्यावर वाहिलेला माणूस आता सज्जात उभा आहे. त्याने कपडे उतरवले आहेत, म्हणजेच लोकांनी घातलेले सोंग उतरवले आहे. त्याचा चेहरा चित्रकाराने आपल्याला धड दाखवलेला नाही. तो लोकांना काही सांगत नाही, ओरडत नाही, फक्त पाहतो. ज्याला आपण शौर्य म्हणतो त्याचा हा फार शांत प्रकार आहे, असे माझे मत आहे.

पुढच्याच वर्षी, 1982 साली, ‘टू मेन इन बनारस’ आले. दोन पुरुष एकमेकांच्या मिठीत उभे आहेत, आणि त्यांच्याभोवती नेहमीची काशी चालू आहे, साधू, भिकारी, पूजा करणारी माणसे. कुणाचे त्यांच्याकडे लक्ष नाही. त्यांचेही कुणाकडे नाही. हे चित्र वर्गात दाखवले तर काय होईल याची मला कल्पना आहे. म्हणून इथे दोन आक्षेपांना उत्तर देणे भाग आहे.

पहिला आक्षेप असा, की हे सारे पाश्चात्त्यांचे फॅड आहे, आपल्या संस्कृतीत ते नव्हते. मग जरा कायद्याचा इतिहास पाहू. अशा संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 हे 1860 सालच्या दंडसंहितेतले. त्या संहितेचा पहिला मसुदा करणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष कोण होता? तोच मेकॉले, ज्याने आपल्याला बायकी म्हटले! म्हणजे परके होते ते कलम. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने 2009 साली ते सज्ञान व्यक्तींच्या खाजगी, राजीखुशीच्या संबंधांपुरते रद्द ठरवले, 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानेच या संबंधांना त्यातून कायमचे मुक्त केले. ती जुनी दंडसंहिताही 2024 च्या जुलैत इतिहासजमा झाली. खक्कर 2003 मध्येच गेले. त्यांनी ही चित्रे काढली तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते गुन्हेगारांचीच चित्रे काढत होते.

आणि आपली संस्कृती म्हणाल तर ती काय म्हणते? आपल्या संतांनी गौळणी आणि विराण्या लिहिल्या त्या बाईच्या तोंडून. देवापुढे बाई होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कृष्णाच्या उपासनेत पुरुषाने स्वतःला सखी मानण्याचा जो सखीभाव आहे, त्यावर खक्करांनी 1995 साली चित्र केले. आपल्या रंगभूमीवर बालगंधर्व उभे राहिले तेव्हा घरंदाज बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या. तमाशात नाच्या आहे. आनंद यादवांची ‘नटरंग’ ही 1980 सालची कादंबरी आठवा. पैलवानी अंगाचा शेतमजूर गुणा फडासाठी नाच्या होतो, कारण दुसरे कुणी व्हायला तयार नसते. अंग झिजवून, चाल बदलून तो नाच्या होतो, आणि मग ज्यांनी टाळ्या पिटल्या तेच त्याला माणसात धरत नाहीत. 2010 साली त्यावर चित्रपट निघाला, आमच्या गावात सर्वांनी पाहिला, गाण्यांवर वरातीत नाचलेही. पण ती गोष्ट कशाची आहे हे किती जणांनी मनाला लावून घेतले?

म्हणजे अडचण संस्कृतीत नाही. अडचण अशी, की रंगमंचावर, देवळात आणि जत्रेत आपल्याला सर्व प्रकारचे पुरुष चालतात. मांडव उतरला की चालत नाहीत.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. अकरावी-बारावीत मी एका वसतिगृहात राहत होतो. तिथे माझ्या शेजारच्या खोलीत एक मुलगा होता. त्याचे अक्षर मोत्यासारखे होते, आवाज बारीक होता आणि चालताना हात हलत. एवढाच त्याचा अपराध. त्याला रात्री उठवून लुगडे नेसवणे, त्याच्या ताटात मुद्दाम बांगड्या ठेवणे असे प्रकार चालत. त्याने व्यवस्थापकांकडे तक्रार केली. मी आणि आणखी एक मित्र साक्षीला त्याच्याबरोबर गेलो होतो. व्यवस्थापक म्हणाले, ‘तू जरा पुरुषासारखा वाग, म्हणजे कुणी काही करणार नाही.’ दिवाळीच्या सुट्टीला तो गेला तो परत आला नाही. आता तो कुठल्याशा शहरात हॉटेलात काम करतो असे कळते. त्याच्या घरातूनही तो पहिलाच शिकणारा होता. त्याचे प्रेम कुणावर होते, होते की नव्हते, हे मला माहीत नाही आणि त्याची चौकशी करण्याचे कारणही नाही. पण मर्दानगीच्या एका साच्यामुळे एका गरीब घरातला शिकणारा मुलगा शिक्षणातून उठला, ही गोष्ट खरी आहे. म्हणून हा विषय मला चैनीचा वाटत नाही. शिष्यवृत्ती बंद पडली तर आपण मोर्चा काढतो. साच्यामुळे मुले गळाली तर त्याचा मोर्चा निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो माझ्याही मनात आहे. खक्करांच्या जगात बाई कुठे आहे? त्यांच्या चित्रांतली दुनिया बव्हंशी पुरुषांची आहे. दुकानात पुरुष, बैठकीत पुरुष, देवळात पुरुष. शिंप्याच्या घरी काज-बटणे करत बसलेली त्याची बायको मला त्या चित्रांत सापडत नाही. माझी आई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात भांगलण करते. देशाच्या चित्रातून अण्णा गळाले आहेत तशी तीही गळाली आहे, आणि खक्करांनी अण्णांना आत घेतले तरी आई बाहेरच राहिली. शिवाय, घड्याळजीचे चित्र मोठ्या गॅलरीत लागते, पण त्या गॅलरीत घड्याळजी जातो का? 1972 साली त्यांनी कारखान्यातल्या संपावर चित्र काढले, हे खरे. पण मजुरी, जात आणि भूक यांच्याकडे ते बाजूने पाहतात, समोरून नाही. दलित साहित्याने जे समोरून पाहिले ते त्यांच्याकडे मागू नये हेच बरे.

तरीसुद्धा माझे माप त्यांच्या बाजूने झुकते. त्यांनी या माणसांवर दया केली नाही आणि त्यांना प्रतीकही केले नाही. आपल्याकडे गरीब माणूस चित्रात आला की तो लगेच ‘श्रमिक’ होतो, मूठ आवळतो. त्याला खासगी आयुष्य उरत नाही. खक्करांच्या शिंप्याला ते आहे. तो एकटा आहे, त्याला कुणीतरी जवळ घ्यावे असे वाटते, आणि हे वाटणे त्याला कुणाला सांगता येत नाही. श्रीमंत माणसाच्या मनाची गुंतागुंत कादंबरीभर लिहितात आणि हमालाचे मन दोन ओळींत आटपतात, हा अन्याय कमी आहे काय? अण्णा उंबऱ्यावर गप्प बसतात तेव्हा त्यांच्या मनात काय चालते, हा प्रश्न पडावा एवढी त्यांची किंमत आहे, हे मला ही चित्रे पाहताना कळले.

लोककथा-पुराणांचा त्यांनी केलेला वापरही असाच आहे. 1987 साली त्यांनी ‘ययाति’ हे चित्र केले. आपल्याला ययाति म्हटले की 1959 ची वि. स. खांडेकरांची कादंबरी आठवते, तिला पुढे ज्ञानपीठ मिळाले. खांडेकरांना ययातीत भोगाची न संपणारी हाव दिसली. खक्करांना त्याच कथेत म्हातारपणी उरलेली स्पर्शाची भूक दिसली, आणि ती त्यांना लाजिरवाणी वाटली नाही. एकच गोष्ट, दोन माणसे, दोन अर्थ. जुनी कथा जपायची म्हणजे ती काचेच्या कपाटात ठेवायची असे नाही. आपल्या आयुष्याचा प्रश्न घेऊन तिच्याकडे गेले पाहिजे. पुढे त्यांना कर्करोग झाला. तेव्हा त्यांनी आजाराने पोखरलेली आणि जखमी शरीरे रंगवली. बलदंड शरीराचे खोटे चित्र त्यांनी निरोगी असताना काढले नाही आणि आजारी पडल्यावरही काढले नाही.

मान त्यांना मिळाला. 1984 साली पद्मश्री मिळाली. 2016 साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, त्याला नाव त्या गाढवाच्या गोष्टीचेच दिले होते. तिथल्या एका वृत्तपत्राच्या समीक्षकाने या चित्रांवर सडकून टीका केली, आणि इतरांनी त्याला उत्तरे दिली. सगळ्यांना खूश करता येत नाही, हे मेल्यावरही खरे ठरले! तिथल्या टीकेने ते लहान होत नाहीत आणि तिथल्या प्रदर्शनाने मोठेही होत नाहीत. खेतवाडीत वाढलेल्या या माणसाची ओळख मराठी मुलांना लंडनमार्गे व्हावी, याचे मात्र वाईट वाटते.

मग आपण काय करावे? माझी मागणी फार मोठी नाही. आपल्या ग्रंथालयात चित्रकलेवरची पुस्तके कुलपाच्या कपाटात आहेत, ती बाहेर यावीत. भित्तिपत्रक स्पर्धेत एकदा ‘माझ्या घरातला पुरुष’ असा विषय द्यावा, आणि ‘माझ्या घरातली बाई’ असाही. ज्याने त्याने आपला बाप, चुलता, भाऊ जसा आहे तसा काढावा. टक्कल असेल तर टक्कल, खोकला असेल तर खोकला. आणि वर्गात, वसतिगृहात कुणाचा आवाज बारीक असला, कुणाची चाल वेगळी असली, कुणी कुस्तीऐवजी रांगोळीत रमत असला, तर त्याला ‘पुरुषासारखा वाग’ असे सांगण्यापूर्वी, तो पुरुष कुणाच्या पाटीवरून उचलला आहे, एवढे स्वतःला विचारावे.

घरच्यांची इच्छा मी पोलीस भरतीला उतरावे अशी आहे. मी रोज पहाटे धावतोही. त्यात मला कमीपणा वाटत नाही, आणि उद्या खाकी अंगावर आली तर अभिमानच वाटेल. पण त्या खाकीच्या आत जो असेल, त्याला भीती वाटली तर ती म्हणता यावी, रडू आले तर रडता यावे, आणि कुणाला पुरुषासारखे वागायला शिकवण्याची नोकरी त्याला करावी लागू नये. देश बळकट हवा, हे मलाही मान्य आहे. पण ज्या देशात निम्म्या पुरुषांना आयुष्यभर सोंग वठवावे लागते, तो बळकट आहे असे मी तरी म्हणणार नाही.